ऐकणाऱ्याचे कोण ऐकणार?

पोलंडमधील क्राकोव या जुन्या विद्यानगरीत ऑक्टोबर २०२४ मध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. तेथील सार्वजनिक नभोवाणीच्या ‘ऑफ रेडिओ क्राकोव’ या वाहिनीने हाडामांसाच्या निवेदकांना निरोप दिला आणि त्यांच्या जागी संगणकाने घडविलेले तीन निवेदक आणून बसविले. त्यांना नावे होती, वये होती, आवडीनिवडीही होत्या. फक्त ती माणसे नव्हती. तेवढ्यावर न थांबता वाहिनीने २०१२ साली निवर्तलेल्या नोबेल पारितोषिकविजेत्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची एक ‘मुलाखत’ही ध्वनिक्षेपित केली! शहरात खळबळ उडाली, हजारो लोकांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या आणि आठवडाभराच्या आतबाहेर तो प्रयोग गुंडाळावा लागला. याच सुमारास तिकडे ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका संगीतवाहिनीवर ‘थाय’ नावाची निवेदिका रोज काही तासांचा कार्यक्रम सादर करीत होती. तीही यंत्रनिर्मितच होती. परंतु ही गोष्ट एप्रिल २०२५ मध्ये उघडकीस येईपर्यंत सुमारे सहा महिने लोटले होते, आणि तोवर बहुतेक श्रोत्यांच्या काही ध्यानातही आले नव्हते.

या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. निवेदक आणि श्रोता यांच्यामध्ये जे नाते जडते असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो, ते नेमके कशाचे बनलेले असते? गोड आवाजाचे, आर्जवी बोलण्याचे, वेळेवर हसण्याचे? तसे असेल तर सिडनीच्या यंत्राने ते सहज साधले आहे आणि निवेदकांची गरज संपली असे मान्य करून मोकळे व्हावे. परंतु ते तसे नसेल, तर आपल्याकडे नभोवाणीची जी व्यवस्था गेल्या काही वर्षांत उभी राहिली आहे, किंवा खरे म्हणजे मोडत चालली आहे, तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल.

या प्रश्नाचा पहिला शास्त्रीय विचार १९५६ साली झाला. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ‘सायकिॲट्री’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात असे दाखवून दिले की, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट ही माध्यमे ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याला समोरासमोरच्या ओळखीचा भास घडवितात. निवेदक रोज ठरल्या वेळी येतो, नावाने नव्हे पण जवळकीने हाक मारतो, आपल्या घरची हकीगत सांगतो. ऐकणाराही मनातल्या मनात त्याला उत्तरे देतो. पुढे पुढे तो आपल्या ओळखीचाच होतो. पण या मैत्रीत एक उणीव राहते. ती एकतर्फी असते. श्रोत्याच्या बोलण्याने निवेदकाचे पुढचे वाक्य बदलत नाही. दोघांचा संबंध कसा चालावा हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी बोलणाऱ्याकडे राहतो आणि श्रोत्याच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे बटण बंद करण्याची.

योगायोग असा की, त्याच १९५६ साली आपल्या पुण्यात याच्या नेमक्या उलट दिशेने जाणारा एक प्रयोग चालू होता. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांसाठी दहा आठवड्यांची एक कार्यक्रममाला आखली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावोगाव पंधरा-वीस जणांची श्रोतेमंडळे स्थापन झाली. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, संपल्यावर त्यावर चर्चा करावी, आपापसांत काय ठरले आणि कोणत्या शंका राहिल्या हे पुणे केंद्राला लिहून कळवावे, आणि केंद्राने त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून द्यावीत, अशी ही योजना होती. कॅनडातील शेतकरी मंडळांनी ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे जे सूत्र रूढ केले होते, ते येथे मराठी मातीत रुजविण्याचा हा प्रयत्न होता. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराट यांनी त्याचा जो अहवाल लिहिला, तो युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला निष्कर्ष आजही विचार करावयास लावणारा आहे. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथील लोकांच्या माहितीत फारशी भर पडली नाही. ज्या गावांत मंडळ होते, तेथे ती लक्षणीय पडली. निवेदक तेच, आवाज तोच, कार्यक्रमही तेच. फरक होता तो एवढाच की, एका ठिकाणी ऐकणाऱ्याच्या तोंडचा प्रश्न पुण्यापर्यंत जात होता आणि उत्तर होऊन परत येत होता.

या प्रयोगानंतर १९५९ पासून देशभर ग्रामीण श्रोतेमंडळे काढण्यात आली, त्यांची संख्या काही हजारांत गेली आणि पुढे ती कागदावर अधिक व गावात कमी अशी होत होत विरून गेली. आपल्याकडच्या सरकारी योजनांचे जे होते तेच तिचे झाले. तरीही नभोवाणीचा शब्द शेतापर्यंत पोहोचत राहिला. साठोत्तर दशकात तंजावरच्या शेतकऱ्यांनी भाताच्या एका नव्या वाणाला चक्क ‘रेडिओचा भात’ म्हणावयास सुरुवात केली, ती उगीच नव्हे.

पुण्याच्या यशात आणखी एका गोष्टीचा वाटा होता आणि ती म्हणजे भाषा. त्या केंद्राच्या ग्रामीण विभागात १९५५ पासून व्यंकटेश माडगूळकर काम करीत होते. पुढे तीस वर्षे त्यांनी तेथे काढली. माणदेशाच्या दुष्काळी मुलखातला, तेथल्या माणसांवर पुस्तक लिहिलेला लेखक शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला मिळावा, ही त्या काळच्या आकाशवाणीची जाण म्हणावी की सुदैव, हे सांगणे कठीण आहे. पण एवढे खरे की, ग्रामीण श्रोत्याशी बोलावयाचे म्हणजे चार शब्द ‘गावंढळ’ उच्चारावयाचे, या समजुतीपासून अशी माणसे मुक्त होती. खोट्या बोलीइतके श्रोत्याला दूर लोटणारे दुसरे काही नाही. आपली टिंगल चालली आहे हे त्याला पहिल्या वाक्यात कळते. उलट, गावाचा बाजार कोणत्या वारी असतो, पेरणी कोणत्या नक्षत्रावर अडली आहे, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळ गाठते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने पुस्तकी मराठीत सांगितले तरी ते कानाला परके लागत नाही.

शहरी श्रोत्यांचे नाते वेगळ्या वाटेने जुळले. ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत ही मंडळी मुंबई केंद्रावरून घरात आली आणि मध्यमवर्गीय मराठी घराची सदस्य होऊन बसली. सुधा नरवणे यांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या देताना आपले नाव उच्चारले की, घड्याळ लावावयास हरकत नसे. ‘आपली आवड’ लागले की, गाण्याइतकेच लक्ष त्याआधी वाचल्या जाणाऱ्या नावांकडे असे. या नावांच्या यादीची अनेकांनी चेष्टा केली आहे. बिहारातील (आता झारखंडातील) झुमरीतलैय्या हे गाव तर केवळ फर्माइशींच्या पत्रांमुळे देशाला ठाऊक झाले आणि विनोदाचा विषय बनले. पण त्या पत्रांमागे केवळ हौस होती असे मानणे हा शहरी माणसाचा उर्मटपणा होय. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रात पूर किंवा खून झाल्याखेरीज येत नसे, त्या गावाचे नाव एका पंधरा पैशांच्या पोस्टकार्डाने सबंध मुलखाला ऐकू जात असे. आमच्या लहानपणी शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. ते दर महिन्याला केंद्राला एक कार्ड टाकीत आणि त्यात फर्माईश नसे, व्याकरणाच्या चुका असत. केंद्राच्या चुका, त्यांच्या नव्हे. एकदा पत्रोत्तराच्या कार्यक्रमात निवेदकाने त्यांचे नाव घेऊन चूक कबूल केली. मास्तर त्या दिवशी गल्लीभर काही न बोलता हिंडले. पण सर्वांना ठाऊक झाले होते.

अमीन सयानींची गोष्ट याहून मोठी, पण जातीने तीच. माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटसंगीताला आकाशवाणीची दारे जवळपास बंद केली आणि डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सयानींच्या निधनानंतर, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यांच्या आवाजाविषयी पुष्कळ लिहिले गेले. ‘भाइयो और बहनो’ असे म्हणण्याची रीत असता त्यांनी बहिणींना आधी हाक मारली, याचीही आठवण निघाली. परंतु गीतमालेत गाण्यांची जी क्रमवारी लागे, तिच्यात श्रोतेसंघांच्या पत्रांना स्थान होते, ही गोष्ट मागे पडली. श्रोत्याला आपण त्या क्रमवारीचे भागीदार आहोत असे वाटे, आणि ते वाटणे सर्वस्वी खोटे नव्हते.

आता निवेदकाच्या नावाचा मुद्दा. ब्रिटिश नभोवाणीचे बातमीदार पूर्वी निनावी असत. संस्था बोलते, व्यक्ती नव्हे, असा त्यामागचा विचार होता. १९४० साली, जर्मन आक्रमणाचे सावट असताना, त्यांना आपले नाव सांगावयास लावण्यात आले. शत्रूने वाहिनी बळकावून खोट्या बातम्या दिल्या तर खरा आवाज कोणता हे श्रोत्याला ओळखता यावे, म्हणून. नाव सांगणे ही आत्मप्रौढी नसून जबाबदारी पत्करणे आहे, हे तेथे युद्धाने शिकविले. ज्याला नाव आहे, ज्याचा पत्ता आहे, जो उद्या बाजारात भेटू शकतो, त्यालाच जाब विचारता येतो. क्राकोवच्या त्या तिघांना नावे होती. पण त्यांना कोठे गाठावयाचे?

जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या निवेदकाचे सारे बळ या भेटण्यात आहे. त्याचा आवाज फार मोठा नसेल, ‘ळ’ आणि ‘ल’ मध्ये तो क्वचित अडखळतही असेल. पण सकाळी त्याने एखाद्या मृत शिक्षकाविषयी चुकीचे काही सांगितले, तर दुपारी चहाच्या टपरीवर त्याला ते ऐकून घ्यावे लागते. म्हणून तो जपून बोलतो, आणि म्हणूनच लोक त्याचे ऐकतात. याउलट एक अनुभव सांगण्याजोगा आहे. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात धो धो पाऊस कोसळत होता, चौकाचौकांत पाणी तुंबले होते. टॅक्सीत खाजगी वाहिनी लागलेली होती आणि निवेदक मोठ्या उत्साहाने सांगत होता की, आज काय छान ऊन पडलंय, चला फिरायला! टॅक्सीवाला शांतपणे म्हणाला, “साहेब, हे कालचं बोलून ठेवलेलं असतं.” त्याला राग आलेला नव्हता. त्या आवाजाकडून त्याची काही अपेक्षाच नव्हती.

हे असे का झाले? न्यायमूर्ती प. बा. सावंत यांच्यासह सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्यानंतर सरकारची मक्तेदारी सुटली आणि २००१ मध्ये बंगळूरला पहिली खाजगी एफएम वाहिनी सुरू झाली. परवाने लिलावाने विकले गेले. जिने मोठी रक्कम मोजली ती वाहिनी जाहिरातीमागे धावणार, एकच कार्यक्रम अनेक शहरांत वाजवून खर्च वाचविणार, हे उघड होते. पण दोष केवळ व्यापाराचा नाही. या वाहिन्यांना आणि पुढे आलेल्या सामुदायिक नभोवाणी केंद्रांनाही स्वतःच्या बातम्या देण्यास सरकारने मनाई केली. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्यापुरती काय ती मुभा मिळाली. नियमाचे शब्द मोठे बोलके आहेत. पाणीपुरवठा, वीज, आरोग्य अशा नागरी सोयींविषयीच्या सूचना ‘बातमी’ समजल्या जात नाहीत; मात्र त्या स्थानिक प्रशासनाने पुरविल्याप्रमाणे सांगावयाच्या. म्हणजे उद्या नळाला पाणी येणार नाही, हे निवेदकाने सांगितलेले चालते. ते का येणार नाही, हे त्याने विचारलेले चालत नाही. श्रोत्याच्या ओठावर नेमका तोच प्रश्न असतो! मग निवेदकापाशी उरते काय? नटनट्यांच्या भानगडी, दूरध्वनीवरून कोणाची तरी केलेली फजिती, आणि अखंड हसणे. आपल्याकडचे आरजे उथळ बोलतात अशी तक्रार करणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

सरकारची भीती निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. जवळीक साधणारा निवेदक काय करू शकतो हे रवांडात १९९४ मध्ये जगाने पाहिले. जुलै १९९३ मध्ये तेथे सुरू झालेल्या ‘आरटीएलएम’ या खाजगी वाहिनीचे निवेदक सरकारी वाहिनीसारखे कोरडे नव्हते. ते विनोद करीत, लोकप्रिय गाणी लावीत, श्रोत्यांचे दूरध्वनी घेत, गल्लीतल्या भाषेत बोलत. त्याच भाषेत त्यांनी तुत्सी शेजाऱ्यांची नावे आणि ठावठिकाणे सांगितले, आणि त्या नरसंहारात लक्षावधी माणसे मारली गेली. वाहिनीच्या चालकांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरविले. श्रोत्याशी नाते जुळणे ही गोष्ट स्वतःच पवित्र आहे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

परंतु त्यावरून काढावयाचा निष्कर्ष कोणता? आरटीएलएमच्या निवेदकाला जाब विचारणारे कोणी नव्हते. सत्तेतील जहाल गट त्याच्या पाठीशी होता. तेव्हा उपाय आहे तो उत्तरदायित्वाचा, तोंड बांधण्याचा नव्हे. आणि त्याची साधने आपल्याकडे तयारच आहेत. सामुदायिक केंद्रांनी आपल्या प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवले पाहिजे असे २००६ च्या धोरणातच म्हटले आहे. आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता त्यांना लागू आहे. परवाना रद्द करण्याचा अधिकार सरकारच्या हाती आहे. एवढे असता बातमीवर सरसकट बंदी कशासाठी? वर्तमानपत्र काढणाऱ्याला बातमी छापण्यापूर्वी कोणी विचारीत नाही. चोवीस तास ओरडणाऱ्या दूरचित्रवाहिन्यांनाही नाही. दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे ज्याचा आवाज जात नाही, त्या केंद्राचीच तेवढी दहशत वाटावी, हे चमत्कारिक आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये खाजगी एफएम वाहिन्यांना दर तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. शिफारस योग्य आहे. पण ज्यांचा श्रोता सर्वांत जवळ बसलेला आहे, त्या सामुदायिक केंद्रांचा विचार तिच्यासोबत झाला पाहिजे.

अशी केंद्रे आज देशात पाचशेच्या घरात आहेत. तेलंगणात जहीराबादजवळच्या माचनूर गावी दलित स्त्रियांनी चालविलेला ‘संघम् रेडिओ’ ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. माडगूळकरांच्याच माणदेशात, त्यांच्या गावापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी! फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. १९५६ मध्ये माणदेशाचा माणूस पुण्याला जाऊन माणदेशाशी बोलत होता. आता बोलणारी बाई म्हसवडातच बसते. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या, शेळ्या वळणाऱ्या, ओव्या ठाऊक असलेल्या स्त्रिया अशा केंद्रांवर ध्वनिक्षेपकापुढे येतात, तेव्हा पलीकडे ऐकणारीला आपलीच जाऊ बोलते आहे असे वाटते. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार झालेले असावेत, अशी धोरणाची अट आहे. अट चांगली आहे, पण पैशाचे काय? बहुतेक केंद्रे देणग्या, थोड्या जाहिराती आणि सरकारी खात्यांचे प्रचारकार्यक्रम यांवर तग धरून आहेत. जाहिरात देणारे खाते आणि प्रश्न विचारावयाचे खाते एकच असले, म्हणजे निवेदिकेची जी पंचाईत होते, ती जिल्हा वृत्तपत्रांच्या संपादकांना वेगळी सांगावयास नको.

राहता राहिली ती आकाशवाणीची जिल्हा केंद्रे. नागरकोइलला ३० ऑक्टोबर १९८४ रोजी पहिले स्थानिक केंद्र निघाले आणि पुढच्या काही वर्षांत बीड, धुळे, यवतमाळ, नांदेड, सातारा अशा ठिकाणी ती उभी राहिली. कल्पना सुंदर होती. जिल्ह्याचे केंद्र, जिल्ह्याचे कलावंत, जिल्ह्याचे प्रश्न. इमारती झाल्या, मनोरे झाले, आणि मग माणसे आटत गेली. कार्यक्रम अधिकाऱ्यांची भरती दीर्घकाळ रखडली. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. पुष्कळ केंद्रांचा आवाज वर्षानुवर्षे सांभाळला तो कार्यालयीन भाषेत ज्यांना ‘कॅज्युअल’ म्हणतात त्या नैमित्तिक उद्घोषकांनी. हे कोण? दिवसा शाळेत शिकविणारा शिक्षक, बँकेतला कारकून, पदवीच्या वर्गातली विद्यार्थिनी. या पानाचे वाचकच म्हणा ना. महिन्याला मोजक्या पाळ्या, पाळीमागे ठराविक मानधन, पुढची कोणतीच शाश्वती नाही. आणि तरीही जिल्ह्यातील लोक ज्यांना आवाजावरून ओळखतात ते हेच.

खर्च कमी करण्याची वेळ आली की, कात्री पहिल्यांदा यांच्यावर चालते. स्थानिक सभेचे तास घटतात आणि त्या जागी मोठ्या केंद्राचे किंवा विविध भारतीचे सहक्षेपण लागते. हिशेबाच्या वहीत हे फार सोयीचे दिसते. ध्वनिक्षेपण तर चालूच असते, एक मिनिटही शांतता नसते. कोणी तक्रार केलीच तर ‘केंद्र बंद केलेले नाही’ असे खरे उत्तर देता येते. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला हलविण्याचे ठरले, तेव्हा लोकांनी आवाज उठविला आणि निर्णय थांबवावा लागला. पण पुण्यात आवाज उठविणारे पुष्कळ आहेत. यवतमाळचा एक तास गेला तर मुंबईच्या वर्तमानपत्रात चार ओळी तरी येतात काय?

या शांत कपातीची किंमत एरवी कळत नाही. ती एखाद्या रात्री अकस्मात कळते. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने किती नभोवाणी केंद्रे घ्यावीत यावरची देशव्यापी मर्यादा उठली आणि काही वर्षांत ‘क्लिअर चॅनेल’ ही एकच कंपनी हजाराहून अधिक केंद्रांची मालक झाली. नॉर्थ डकोटा राज्यातील माइनॉट या लहान शहरातील सहाही व्यापारी केंद्रे तिच्याकडे गेली. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर शहरालगत मालगाडी घसरली आणि टाक्यांतून अमोनियाचा विषारी लोट शहरावर पसरला. पोलिसांनी नभोवाणी केंद्राला दूरध्वनी केले. पलीकडून उत्तर मिळेना. एकाचा बळी गेला, शेकडो लोकांना इजा झाली. पोलिसांनी आणीबाणीची यंत्रणा नीट वापरली नाही, दोष आमचा नाही, असे कंपनीने सांगितले आणि हा वाद पुढे बराच काळ चालला. दोष कोणाचा हे ठरवीत बसण्याचे येथे कारण नाही. हिवाळ्याच्या त्या रात्री लोकांनी रेडिओ लावला तेव्हा त्यातून आवाज येत होता. तो त्यांच्याशी बोलत नव्हता, एवढे पुरेसे आहे. याच्या उलट चित्र तीन वर्षांनी न्यू ऑर्लिन्सला दिसले. ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळात ‘डब्ल्यूडब्ल्यूएल’ हे केंद्र चालू राहिले. पाण्याने वेढलेल्या घरांतून लोक दूरध्वनी करीत होते, निवेदक ऐकत होते, आणि महापौरांनी केंद्रीय सरकारवर आपला संताप ओकला तोही त्याच केंद्रावरून.

आपल्याकडे दुष्काळ आहे, पूर आहे, दरडी आहेत. पावसाळ्यात पहिल्याच वादळात मोबाइलचे मनोरे मुके होतात, हेही आहे. तेव्हा जिल्हा केंद्रांसाठी फार मोठी योजना आखण्यापेक्षा आधी एक साधी गोष्ट करता येईल. प्रत्येक स्थानिक केंद्रावर रोज सायंकाळी एक तास थेट कार्यक्रम असावा, ध्वनिमुद्रित नव्हे, आणि त्या तासात कोणत्याही सहक्षेपणाला जागा नसावी. निवेदक त्याच जिल्ह्यात राहणारा असावा आणि त्याला वर्षाचा तरी करार मिळावा. दूरध्वनी उचलावयास एक माणूस असावा. तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत ज्याच्याकडे प्रश्नाचा रोख आहे, त्याने आठवड्याच्या आत उत्तर पाठवावे. ते आले तर वाचून दाखवावे, आणि न आले तर ‘उत्तर आलेले नाही’ एवढेच, कोणतेही भाष्य न करता, त्या खात्याचे नाव घेऊन सांगावे. दर सोमवारी सांगावे. याला नवा मनोरा लागत नाही, नवा कायदा लागत नाही. आकाशवाणीला बातम्यांची बंदीही आड येत नाही. पुणे केंद्राने टपालखात्याच्या भरवशावर दीडशे गावांसाठी हे दहा आठवडे चालवून दाखविले होते. आज श्रोत्याच्या खिशात मोबाइल आहे, त्याचा प्रश्न केंद्रावर पोहोचावयास क्षणही लागत नाही. पलीकडच्या खोलीत तो वाचणारा कोणी बसलेला आहे की नाही, एवढेच प्रसारभारतीने ठरवावयाचे आहे.